उंबरठ्याची मर्यादा : प्लेगच्या झडतीपासून संगणकीय नोंदीपर्यंत

परळ येथील हाफकिन संस्थेची जुनी वास्तू एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. याच गिरणगावाच्या टापूत, आर्थर रोडवर, महानगरपालिकेचे कस्तुरबा रुग्णालय आहे. प्लेगच्या काळात ते ‘आर्थर रोड रुग्णालय’ म्हणून ओळखले जाई. लोकांच्याच हितासाठी शासनाने लोकांच्या घरात किती आत यावे, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन वास्तूंच्या आवारात उभा राहिला होता. आज तो नव्या रूपाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत आणि शाळेच्या कार्यालयात उभा आहे. म्हणून त्या जुन्या अनुभवाचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रुग्णांना ग्रंथिक प्लेग झाला असल्याचे निदान केले. पुढील महिन्याच्या आरंभीच पालिका आयुक्तांनी १८८८ च्या पालिका अधिनियमाचा आधार घेऊन जाहीरनामा काढला. संशयित घरात प्रवेश करणे, घर धुऊन निर्जंतुक करणे आणि रुग्णाला आवश्यक तर सक्तीने रुग्णालयात हलविणे, हे अधिकार त्यान्वये अधिकाऱ्यांस मिळाले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, कारण रोग खरोखरच भयंकर होता. परंतु कोकणातून आणि घाटावरून आलेली गिरणी कामगारांची कुटुंबे परळ-लालबागच्या चाळींतून एकेका खोलीत राहत होती. त्या खोलीत कोणतीही पूर्वसूचना न देता परका मनुष्य शिरतो, काखेत व जांघेत गाठ आहे काय हे पाहतो, स्त्रियांनाही त्यातून सूट देत नाही आणि आजारी माणसाला उचलून नेतो, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने रोगाहून कमी भयंकर नव्हती. रुग्णालयात नेलेली माणसे बहुधा परत येत नसत. ती अखेरच्या अवस्थेत तेथे पोहोचत हे त्याचे खरे कारण. पण चाळीत त्याचा अर्थ निराळा लावला जाई. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच शेकडो गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. पाठोपाठ पालिकेला आपला जाहीरनामा सौम्य करावा लागला.

या प्रसंगापासून घ्यावयाचा धडा मात्र घेतला गेला नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अंमलात आला. तो मूळ अवघ्या चार कलमांचा होता. साथीच्या प्रतिबंधासाठी शासनास आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा एका कलमाने दिली, आदेश मोडणाऱ्यास शिक्षेची तरतूद दुसऱ्याने केली, आणि सद्भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही असे शेवटच्याने सांगितले. अधिकार किती काळ चालावेत, त्यांचा वापर कोणी तपासावा, चुकीने नेलेल्या माणसाने दाद कोठे मागावी, याबद्दल अधिनियमात एक शब्दही नव्हता. अधिकार विपुल आणि उत्तरदायित्व शून्य अशी त्याची रचना होती.

मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. वस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर तशा अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगविण्यात येऊ लागली. घरावरील त्या अक्षरांमुळे कुटुंबाची आपत्ती सर्व गल्लीला वाचावयास मिळे. याचा परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यूची कारणे भलतीच सांगू लागले आणि शहर सोडून जाऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेल्या लोकवस्तीपैकी जवळजवळ निम्मी १८९७ च्या आरंभापर्यंत बाहेर पडली होती. त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्यात याच सक्तीची परिणती जून १८९७ मध्ये रँडसाहेबांच्या वधात झाली. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात एका विणकर कुटुंबातील बारा वर्षांच्या मुलीस तपासण्याच्या प्रयत्नावरून दंगल उसळली आणि ती शहरात पसरली. त्यानंतर मात्र शासनाने सक्तीचा आग्रह हळूहळू सोडला.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराची येथे दाखविले, आणि पुढे १९०५ नंतर परळच्याच प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे ज्या वेळी माणसांना घरातून ओढून काढले जात होते, त्या वेळी रोगाचा खरा वाहक कोण हे झडती घेणाऱ्यांना माहीत नव्हते. शासनाचे ज्ञानही अपुरे असू शकते. शासनाच्या अधिकाराला मर्यादा असावी असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने याहून सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

त्याच सुमारास वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. लस घेणे ऐच्छिक होते आणि लोक काही प्रमाणात तिच्याकडे वळलेही. तथापि तिच्या आरंभीच्या चाचण्यांपैकी एक भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली होती. ते कैदी स्वखुशीने पुढे आले असे नमूद आहे. कैद्याच्या स्वखुशीला कितपत स्वखुशी म्हणावे, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. तो पुढे निराळ्या ठिकाणी विचारला जाणार होता.

संविधानात आलेले आणि न आलेले

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या मोकळ्या करून चाळी आणि नव्या वसाहती उभारणे हे तिचे काम. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उमेदीची अनेक वर्षे याच ट्रस्टच्या परळ येथील चाळीत दोन खोल्यांत काढली. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’त राहावयास गेले. शासन गरिबासाठी काय करू शकते आणि गरिबाच्या दाराशी शासन कसे येते, हे दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या आपल्या निवेदनात त्यांनी राज्याकडून व्यापक आर्थिक कार्यक्रमाची अपेक्षा केली. त्याच निवेदनात नागरिकाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, असेही कलम घातले. कल्याण आणि स्वातंत्र्य यांपैकी एकच निवडावे लागते, असे त्यांना वाटले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यातही घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता होती. परंतु गुन्ह्यांच्या तपासात अडचण येईल या आक्षेपामुळे ही कलमे वगळण्यात आली. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करिमुद्दीन यांनी झडतीविरोधी संरक्षणाची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत असली, तरी ती विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट, असे त्यांचे मत होते. अखेर सभेने ती दुरुस्ती मान्य केली नाही. राहिला तो अनुच्छेद २१ : कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही.

या एका वाक्यात खासगी जीवनाचा हक्क सामावतो काय, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. १९६२ च्या खरक सिंग प्रकरणात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन दार ठोठावणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. परंतु खासगीपणाचा हक्क संविधानात नाही असेही बहुमताने सांगितले. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निर्णय चार विरुद्ध एक मताने झाला. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने घोषित केले. त्या प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांचा सहभाग असलेला १९७६ चा तो निर्णय गंभीर रीतीने सदोष असल्याचे लिहून तो रद्दबातल ठरविला.

त्या सुनावणीत असा युक्तिवाद झाला होता की, खासगीपणा ही सुखवस्तू लोकांची चैन असून गरिबाला आधी अन्न हवे. न्यायालयाने तो नाकारला. लालबागच्या खोलीतील कुटुंबाने हा युक्तिवाद कधीच मान्य केला नसता. मलबार हिलवरील बंगल्याला कुंपण असते; चाळीतल्या माणसाला एक उंबरठाच काय तो असतो. शासनाने तो ओलांडावयाचा तर त्यास कायद्याचा आधार हवा, उद्देश न्याय्य हवा, आणि उद्देशासाठी आवश्यक तेवढेच पाऊल टाकावे, अशा कसोट्या या निर्णयाने घालून दिल्या. कल्याणकारी योजनांचा लाभ भलत्याच्या हाती जाऊ न देणे हा न्याय्य उद्देश होय, हेही त्यात मान्य केलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी याच कसोट्या लावून, लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी टेहळणीचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.

कचेरीतील व्यवहार

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने अनुदान व कल्याणकारी लाभांसाठी आधारची अट बहुमताने वैध ठरविली. मात्र बँक खाते, मोबाइल जोडणी आणि शाळाप्रवेश यांसाठी ती सक्तीची असू शकत नाही, असे स्पष्ट केले. आधार नाही म्हणून कोणत्याही बालकास लाभ नाकारता येत नाही. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण शाळेत आधारची मागणी बहुधा पालकाला अर्थ न सांगताच होते.

मग पालक संमती देतो तिचे काय? भायखळ्याच्या तुरुंगातला प्रश्न येथे परत येतो. ज्याला महिन्याचे धान्य हवे आहे, तो समोर ठेवलेल्या कागदावर अंगठा उमटवणारच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने ही अडचण निराळ्या मार्गाने सोडविली. अनुदान, लाभ, दाखला वा परवाना देण्यासाठी शासनास काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरता येते. एका अर्थी हे प्रामाणिकपणाचे आहे. पण संमती गेली की तिच्यामागचा नकाराचा हक्कही जातो. मग माहिती दुसऱ्या कामास वळविली जाणार नाही याची हमी केवळ नियमांवर आणि ते पाळणाऱ्यांवर येऊन ठेपते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. सुरक्षेच्या वगैरे कारणांसाठी शासकीय यंत्रणांना दिलेल्या सवलती फार व्यापक आहेत, असा आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ग्रामपंचायतीपुढचा पेच याहून साधा, पण रोजचा आहे. लाभार्थ्यांची यादी लोकांसमोर आली पाहिजे, नाहीतर बोगस नावे उघडकीस येणार नाहीत. परंतु आधार क्रमांक जाहीररीत्या प्रदर्शित करण्यास आधार अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केलेली आहे. नाव, योजना आणि रक्कम एवढ्यावर सामाजिक अंकेक्षण होऊ शकते. त्यासाठी आधार क्रमांक, बँक खाते किंवा आजाराचे नाव सूचना फलकावर लावण्याची आवश्यकता नाही. १८९७ मध्ये भिंतीवर रंगविलेली अक्षरे पावसाने निदान धुतली तरी जात. संगणकात एकदा पसरलेली यादी धुता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात पडून राहिलेल्या प्रतींचीही तीच गोष्ट. क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले आधारपत्र अशा ठिकाणी द्यावयास उपलब्ध आहे, पण ते मागून घेणारे अधिकारी कमी.

रास्त भाव दुकानातील यंत्र कष्टकऱ्याच्या झिजलेल्या बोटांचे ठसे कित्येकदा ओळखत नाही. अशा वेळी त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवावयाचे नाही, ओळखीचा दुसरा मार्ग वापरून धान्य द्यावयाचे आणि तशी नोंद करावयाची, असे आहे. ही नोंद दुकानात प्रत्यक्ष होते की नाही, हे दक्षता समितीच्या सदस्याला महिन्याच्या कोणत्याही दिवशी पाहता येते.