शेवटाआधीच उठवणारा पडदा

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि ते यंत्र इतिहासजमा झालं. त्याला दशक होत आलं, तरी ती बातमी मला अजून सलते. घरी बसून सिनेमा कसा बघावा, हे मी त्या यंत्रापुढे शिकलो.

त्याआधीचा काळ दूरदर्शनचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी, ते दाखवतील तो चित्रपट मुकाट्याने बघायचा. त्याविषयी गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत; मला तरी त्यात विशेष काही वाटलं नाही.

खरं दशक ऐंशीचं. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आले आणि गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. व्हीसीआर विकत घेणं मोजक्यांनाच परवडे, बाकीचे वर्गणी काढून रात्रीपुरता भाड्याने आणत. चित्रावर मुंग्या आल्या की ट्रॅकिंगची कळ फिरवायची. तेवढ्यानेही भागलं नाही तर झाकण उघडून कापडाला स्पिरिट लावून हेड पुसायचं, तेही श्वास रोखून, कारण यंत्र दुसऱ्याचं. सकाळी कॅसेट रिवाइंड करून परत द्यायची.

तेव्हा थिएटरचे कैवारी आम्हाला नावं ठेवत. व्हिडिओवर बघणाऱ्याला सिनेमाची कदर नसते, हे त्यांचं लाडकं वाक्य. चोरट्या कॉप्यांनी निर्मात्यांचं नुकसान झालं, हे खरंच आहे आणि त्याचं समर्थन होणार नाही. पण कदरीचं म्हणाल तर 'उंबरठा' मी कॅसेटवरच पाहिला. स्मिता पाटीलची सुलभा दुसऱ्यांदा घर सोडून निघाली आणि आमच्या खोलीत वादाला तोंड फुटलं. नवऱ्याने दुसरी बाई जवळ केली, मग हिने राहायचं कशाला, असं आईचं म्हणणं. काकू म्हणाली, "अगं, पण पोरीचं काय?" कुणीतरी टेप मागे नेली आणि शेवट पुन्हा लावला. बायका चहा गार होईपर्यंत भांडत होत्या. याहून मोठी कदर कोणती असते?

नव्वदीतलं केबल आणि नंतरच्या व्हीसीडी यांनी मला जाहिराती आणि कापलेली गाणी दिली. त्यावर शब्द खर्च करावेत असं त्यात काही नाही.

आणि आता ही ॲप्स. गेल्या महिन्यात एकावर 'सिंहासन' पुन्हा पाहिला. चित्रपट १९७९चा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. अरुण सरनाईकांचा थंड डोक्याचा मुख्यमंत्री या वेळी पूर्वीपेक्षा जास्त भिववून गेला. शेवटी निळू फुलेंचा दिगू टिपणीस, इतकी वर्षं सगळं बघितलेला पत्रकार, वेड्यासारखा हसत सुटतो. नेमक्या त्याच क्षणी चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं आणि पुढच्या सिनेमाचे सेकंद मोजले जाऊ लागले. रिमोट सापडेपर्यंत दुसराच सिनेमा सुरू झाला होता. मुंग्या आलेल्या टेपनेसुद्धा माझ्या सिनेमाचा इतका अपमान कधी केला नव्हता. ज्यांना लोकांनी शेवटावर दोन मिनिटं विचार केलेला परवडत नाही, त्यांनी कलेची भाषा बोलू नये.

बहुतेक ॲप्सच्या सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' बंद करता येतो. आज रात्री काही लावण्याआधी तेवढं करा, आणि 'सिंहासन' पाहिला नसेल तर तोच लावा.