जात्याला टाकी : ऑनलाइन शिक्षकाचा भार आणि त्याचे प्रशिक्षण

ऑनलाइन शिकवणाऱ्या माणसाला काम ते कितीसे असणार, असा एक समज आपल्याकडे बराच रूढ झालेला आहे. बसगाडीची धावपळ नाही, खडू नाही, फळा नाही. घरच्या खुर्चीवर बसावे, यंत्रापुढे तासभर बोलावे आणि चहाचा पेला हाती घ्यावा! २०२० च्या मार्च महिन्यात शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि लक्षावधी शिक्षकांना एका आठवड्यात हे नवे काम पत्करावे लागले, तेव्हा हा समज किती पोकळ आहे ते घरोघर दिसून आले. रात्री दहा वाजता विद्यार्थ्याचा प्रश्न यावा, पहाटे पालकाचा निरोप यावा, मधल्या वेळात साठ निबंध पडद्यावर वाट पाहत असावेत, असा तो दिवस असे. दिवस सुरू कोठे झाला आणि संपला कोठे, हेच शिक्षकाला कळेनासे झाले होते. ती आपत्ती सरली. परंतु ऑनलाइन शिक्षण मात्र राहिले, आणि त्याबरोबर हा प्रश्नही राहिला. त्याचा थोडा विचार आज आपण करू.

हा भार वाढतो कशाने, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वर्गात एका मुलाने शंका विचारली की शिक्षक एकदा उत्तर देतो आणि ते साठ जण ऐकतात. ऑनलाइन वर्गात तीच शंका वीस जण वीस वेळी, आपापल्या घरून, लिहून विचारतात. शिवाय बोललेले वाक्य दोन क्षणांत होते. लिहिलेले उत्तर नीट जुळवावे लागते, कारण समोर चेहरा नसतो आणि गैरसमज झाला तर तो लगेच दिसत नाही. तिसरी गोष्ट अशी, की वर्गाला घंटा असते; पडद्याला घंटा नाही. म्हणजे येथे काम मोठे आहे असे नव्हे, तर काम बारीक तुकड्यांत फुटलेले आहे आणि ते तुकडे दिवसभर विखुरलेले आहेत. थकवा येतो तो बहुधा या विखुरण्याचा.

आमचे म्हणणे असे आहे, की या थकव्यावरचा एक खरा उपाय शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणात आहे. ‘आधीच वेळ नाही, त्यात आणखी प्रशिक्षण कोठून आणावे?’ असे कोणी म्हणेल. याचे उत्तर आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. जाते गुळगुळीत झाले की दळणारणीचे बळ दुप्पट खर्च होते आणि पीठ मात्र जाडेभरडे पडते. म्हणून टाकीवाला दारावर आला की दळण थांबवून जात्याला टाकी लावून घेत. तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणत नसे.

परंतु टाकी कोठे लावायची, हे नेमके सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. त्याची स्थापना १९६९ मध्ये झाली आणि पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये शिकू लागले. तेथे आरंभापासून एक गोष्ट ओळखली गेली : अभ्यासक्रम रचणे आणि विद्यार्थ्याला हात धरून शिकवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम तज्ज्ञांचा एक गट मिळून करतो. दुसरे काम गटागटाने वाटून दिलेले मार्गदर्शक करतात. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर अभिप्राय कसा लिहावा, हेही तेथे मार्गदर्शकाच्या कौशल्याचा भाग मानले जाते आणि त्या अभिप्रायांची पाहणी होते. आपल्याकडे मात्र लेखक, वक्ता, कारकून, परीक्षक आणि यंत्रदुरुस्ती करणारा अशा पाचही भूमिका एकाच शिक्षकाच्या डोक्यावर येऊन बसतात, आणि त्यांपैकी एकीचेच शिक्षण त्याला मिळालेले असते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘वर्ल्ड कॅम्पस’ या नावाने आपली दूरस्थ शाखा उघडली. ऑनलाइन शिकवण्याचा भार आटोक्यात कसा ठेवावा, या विषयावर २००३ मध्ये तेथे एक अहवाल तयार झाला. त्यातील उपाय हे प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांच्या अनुभवातून घेतलेले होते, हे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. अशा अनुभवाचे सार काढले तर ते तीन ठिकाणी येऊन थांबते : तयारी, संवाद आणि तपासणी.

तयारीविषयी पाहा. नवखा शिक्षक वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करतो, त्यासाठी रात्र जागवतो, आणि विद्यार्थी ते अर्धेही पाहत नाहीत. २०१४ मध्ये ‘एडेक्स’ या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळच्या चित्रफीत-पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की लहान चित्रफिती विद्यार्थी अधिक मन लावून पाहतात. ती सहा मिनिटांच्या आत असावी अशी शिफारस अभ्यासकांनी केली. हे ज्याला आधी कळले, त्याचे कितीतरी श्रम वाचतात. चित्रफितीत तारखा, सुट्ट्या आणि परीक्षेच्या सूचना बोलू नयेत, त्या वेगळ्या लिहून द्याव्यात, एवढी साधी गोष्ट पाळली तरी तीच फीत पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

आता संवाद. जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेत प्रा. अशोक गोएल यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी असत आणि एका सत्रात त्यांचे सुमारे १०,००० संदेश येत. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिल वॉटसन’ नावाचा एक यंत्र-साहाय्यक नेहमीच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी कामाला लावला. यंत्राचे कौतुक होणे साहजिक आहे. परंतु त्यातला धडा यंत्राहून मोठा आहे. यंत्राला उत्तरे देता आली ती प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात म्हणून! मग ज्या शिक्षकाजवळ असे यंत्र नाही, त्यानेही एक वही करावी. एका सत्रातले वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे टिपून ठेवावीत आणि पुढच्या सत्राच्या पहिल्याच दिवशी ती सर्वांपुढे ठेवावीत. शंका खासगी निरोपाने न विचारता सामाईक चर्चाफलकावर विचाराव्यात, असा नियम करावा. उत्तरे कोणत्या वेळी मिळतील तेही सांगावे. विद्यार्थ्याला उत्तर ताबडतोब हवे असते असे आपण समजतो. खरे म्हणजे ते केव्हा मिळेल हे त्याला निश्चित कळलेले हवे असते.

तिसरी गोष्ट तपासणीची, आणि येथे साधे अंकगणितच करू. समजा, वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि एक निबंध तपासायला २० मिनिटे लागतात. म्हणजे २० तास झाले. गुण कशाकशाला आणि किती, याचा स्पष्ट तक्ता आधी करून तो विद्यार्थ्यांच्या हातीही दिला, आणि नेहमी होणाऱ्या चुकांवरचे अभिप्राय लिहून तयार ठेवले, तर तेच काम १२ मिनिटांत होऊ शकेल. मग तपासणीला १२ तास लागतील. एका निबंधामागे आठ तास वाचले. सत्रात असे चार निबंध असतील तर ३२ तास! तक्ता करावयास शिकण्यासाठी सहा तासांची कार्यशाळा केली, तरी व्यवहार फायद्याचाच ठरतो. शिवाय गुण का गेले हे विद्यार्थ्याला कळते, म्हणून तक्रारींचे निरोपही कमी होतात.

परंतु सर्वच प्रशिक्षण असे असते काय? नसते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शाळाशिक्षकाने वर्षाला किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा योग्य आहे. प्रश्न हा, की ते ५० तास भरायचे कशाने? चित्रफीत चालू ठेवून स्वयंपाक करावा आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, असे ते तास झाले तर शिक्षक आगीतून फुफाट्यात पडला म्हणावे लागेल. शिक्षक जे शिकवतो तोच अभ्यासक्रम हाती धरून जे प्रशिक्षण चालते, ते उपयोगी. कार्यशाळेहून परतताना त्याच्या पिशवीत पुढच्या महिन्याचा तक्ता, सूचनापत्र किंवा प्रश्नोत्तरांची वही तयार असली पाहिजे. आणखी एक गोष्ट : त्याने स्वतः एकदा ऑनलाइन विद्यार्थी व्हावे. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. तेथील अभ्यासक्रमाला चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा अशी चार अंगे असतात. त्यांतला एखादा अभ्यासक्रम पुरा करताना कोठे अडखळायला होते, हे जो अनुभवतो, त्याच्या सूचना आपोआप सुबोध होतात.

आणि शेवटी एक इशारा. प्रशिक्षणाने वाचलेले तास कोणाचे? शिक्षक तरबेज झाला म्हणून संस्थेने साठाचे एकशेवीस विद्यार्थी केले, तर टाकी लावलेल्या जात्यावर दुप्पट दळण टाकल्यासारखे होईल. दळणारीण तशीच थकेल. म्हणून प्रशिक्षण हे कामाच्या वेळातच, वेतनासह व्हावे, आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्याकडे व शिक्षकाच्या घराकडे परत जावा. विद्यार्थिसंख्येची मर्यादा हे संस्थेचे कर्तव्य आहे. शिक्षकाच्या कौशल्याकडे बोट दाखवून तिला ते टाळता येणार नाही.

आपण नागरिकही यात बाहेरचे नाही. आपल्याच मुलाचे प्रश्न रात्री दहा वाजता जातात. ते सकाळपर्यंत थांबू शकतात, एवढे जरी आपण घरी शिकवले, तरी शिक्षकाच्या जात्याला टाकी लावण्यात आपलाही हात लागला असे होईल.