थकवा, ताट आणि तपासणी

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना संपली तरी एक ताई जागेवरून उठेनात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. वर्षभर अंगात त्राण नाही, म्हणून घरात 'आळशी' हे नाव पडलेलं. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं, भात-भाकरी सोडा, थकवा पळतो. ताईंनी दोन्ही एकदम सोडलं, मधुमेहाची गोळी मात्र चालूच ठेवली. चौथ्या दिवशी विहारात घाम फुटला, हात कापू लागले. साखर उतरली होती. शुद्धीवर होत्या म्हणून लगेच साखरपाणी दिलं, तेव्हा सावरल्या.

मग भात-भाकरी कमी करणं चूक का? मुळीच नाही. रेशनवर प्राधान्य कार्डाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, बहुतेक तांदूळ आणि गहू. डाळ, अंडी विकत घ्यावी लागतात. म्हणून आपलं ताट भात-चपातीने भरतं आणि डाळ पातळ होत जाते. सकाळी चहा-पाव, दुपारी भात, रात्री चपाती-बटाटा. त्यात मधुमेह असेल तर साखर चढते, आणि चढलेली साखरही माणसाला थकवते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळलं होतं.

संयुत्त निकायात राजा पसेनदीची गोष्ट आहे. द्रोणभर भात जेवून तो धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रेत खाण्याचा उपदेश केला. राजाने जेवताना तो उपदेश रोज ऐकवायला एक तरुण नेमला आणि भात हळूहळू एका नाळीच्या मापावर आणला. यातला 'हळूहळू' हा शब्द लक्षात ठेवा.

पण ताट बदलण्याआधी तपासणी. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आढळला. दोन आठवडे खोकला असेल तर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. यातलं काही निघालं तर औषध घ्यावंच लागेल, नुसता भात सोडून भागणार नाही.

सगळं नीट निघूनही सहा महिन्यांहून जास्त थकवा राहिला, झोपूनही ताजंतवानं वाटेना, थोडं जास्त काम केलं की पुढचे दिवस अंथरुणात जाऊ लागले, तर तो क्रॉनिक फटीग सिंड्रोम असू शकतो. हा खरा आजार आहे. कोणत्याही एका आहाराने तो बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. अशा बाईला "उठ, व्यायाम कर" म्हणून रेटू नका. झेपेल तेवढंच काम, मध्ये विश्रांती, आणि घरातल्यांनी कामं वाटून घेणं हाच आधार.

ताट असं बदला:

• भात किंवा चपाती पाव ताट. अर्धं ताट पालेभाजी, काकडी, मुळा, गवार.
• उरलेल्या पाव ताटात घट्ट डाळ, मटकी, हरभरा, अंडं, सुकट किंवा बोंबील. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात.
• चहात साखर कमी, बिस्किट-खारी बंद. फुटाणे, शेंगदाणे चालतील.
• जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. लिंबू पिळा, त्याने लोह जास्त मिळतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये. गोळीही मनाने सोडू नये.

त्या ताईंचं हिमोग्लोबिन 7 निघालं. आता लोहाचे उपचार चालू आहेत, मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे, भात निम्मा झालाय. घरात आता कुणी त्यांना आळशी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणाला म्हणत असाल, तर आधी तिला दवाखान्यात न्या.

जय भीम!