पानांचं गणित, भाग ११ : वाट पाहण्याचं भाडं

मनोरीच्या धक्क्यावर मार्व्याला जाणारी बोट भरेपर्यंत थांबलो होतो. तेवढ्यात भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, तू लिहितोस तसंच खेळतो मी. चांगली पानं आली तरच हात घालतो, नाहीतर सोडून देतो. तरी चिप्स संपतात. असं का?"

त्याच्या चिप्स खोट्या होत्या, खेळायला फुकट मिळणाऱ्या. प्रश्न मात्र अगदी खरा होता. गेल्या आठवड्यात आपण टेबलावरच्या जागांविषयी बोललो. आजचा भाग ठरलेला विषय बाजूला ठेवून त्याच्या प्रश्नाला देतो आहे.

तो खेळत होता तो पोकरचा वेगवान प्रकार. २०१० मध्ये फुल टिल्ट या ऑनलाइन पोकरच्या साइटने तो 'रश' नावाने आणला आणि २०१२ मध्ये पोकरस्टार्सने 'झूम' नावाने. यात पानं पसंत पडली नाहीत की फोल्ड करायचं, म्हणजे आपल्या तीन पत्तीतलं पॅक. फोल्ड केल्याबरोबर तुम्ही त्या टेबलावरून उठता आणि दुसऱ्या टेबलावर, नव्या माणसांत, नवी दोन पानं हातात घेऊन बसलेले असता. आधीचा डाव कुणी जिंकला हे बघायलाही कुणी थांबत नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. या प्रकारात एकाच टेबलाच्या खिडकीत २०० ते २५० होतात.

पहिला परिणाम लगेच जाणवतो. दोन एक्के हातात येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. प्रत्यक्ष टेबलावर त्यासाठी जवळजवळ नऊ तास बसावं लागतं, इथे तासाभरात येतात. म्हणून प्रत्येकाला वाटतं की घाई कशाला, थांबू, चांगलं पान येईलच. भाच्यालाही तेच वाटलं होतं.

पण थांबायला भाडं पडतं. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता टाकलेली चाल. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी सक्तीने भरायची रक्कम. आपला बूट सगळे भरतात, इथे फक्त दोघे भरतात, एक अर्धी आणि एक पूर्ण, आणि ती पाळी सगळ्यांवर फिरते. सहा जणांच्या टेबलावर सहा डावांत तुमच्या खिशातून दीड ब्लाइंड जातो. काहीही न खेळता नुसते फोल्ड करत बसलात तर १०० डावांमागे २५ ब्लाइंड गेले. तासाला २५ डाव असतील तर ते सव्वासहा ब्लाइंड होतात. तासाला २५० डाव असतील तर साडेबासष्ट. बहुतेक जण १०० ब्लाइंड घेऊन बसतात. त्यातले निम्म्याहून जास्त, एकही चाल न करता, तासाभरात संपले.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. वेगामुळे त्याचा वेळ वाचत होता, पण दर डावाचं भाडं तेवढंच होतं आणि घड्याळाच्या हिशेबाने ते दहापट झालं होतं.

मग करायचं काय? इथे मजेची गोष्ट अशी की त्याच्यासारखेच बाकीचेही थांबलेले असतात. पानं बरी नसली की आपली पाळी यायच्या आधीच बटण दाबून निघून जातात. त्यांनी भरलेले ब्लाइंड मध्येच पडून राहतात. ते उचलायला शिकणं हे या प्रकारातलं पहिलं कौशल्य आहे.

समजा तुम्ही बटणावर, म्हणजे शेवटी बोलण्याच्या जागेवर आहात. हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी. तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं. मध्ये दीड ब्लाइंड आहे. तुम्ही अडीच लावता. दीड मिळवण्यासाठी अडीच पणाला, म्हणजे दर आठ वेळांत पाच वेळा समोरच्या दोघांनीही सोडलं तरी हिशेब बरोबरीत सुटतो. त्यासाठी प्रत्येकाने साधारण ७९ टक्के वेळा सोडायला हवं. घाईच्या गर्दीत पुष्कळ जण तेवढं सोडतात. आणि कुणी कॉल केलंच, म्हणजे तेवढेच भरले, तर तुमच्याकडे एक्का आहे, एकाच रंगाची पानं आहेत, शिवाय पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्ही शेवटी बोलणार. म्हणून हे पान इथे खेळायचं. पहिल्या जागेवर बसलेले असताना हेच पान एवढ्या सहज खेळायचं नाही, कारण मागे पाच जण बाकी असतात.

याची दुसरी बाजू स्वतःला लागू करा. मोठा ब्लाइंड तुम्ही भरला आहे आणि बटणावरून कुणी अडीच लावले. तुम्हाला आणखी दीड घालायचे आहेत, मध्ये आधीच चार आहेत. दीड घातल्यावर साडेपाच होतात. म्हणजे २७ टक्क्यांहून थोडी जास्त शक्यता असली तरी पानं बघायला हरकत नाही. तिथे रागाने किंवा कंटाळ्याने फोल्डचं बटण दाबणं म्हणजे भरलेलं भाडं सोडून देणं. मात्र पुढे जाऊन त्याच माणसाने शेवटच्या पानावर मोठी रक्कम लावली, तर विश्वास ठेवा. ज्याला फोल्ड करताच नवी पानं मिळतात, तो थापेसाठी एवढा वेळ सहसा बसत नाही.

मनोरीच्या बोटीवर रोज तेच चेहरे असतात. कोण उतरून कुठे जाणार हे आपल्याला पाठ असतं. साधं टेबल तसं असतं, तासाभरात माणसं कळतात. हा वेगवान प्रकार मालाड स्टेशनच्या पुलासारखा आहे. तिथे एकेका माणसाला ओळखता येत नाही, पण सकाळी नऊला गर्दी कुठल्या बाजूला वळते ते कळतं. तसाच इथे माणसाचा नाही, गर्दीचा स्वभाव वाचायचा.

आता जे सांगायचं आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात आणि १०० डावांमागे सरासरी ५ ब्लाइंड जिंकता. १०,००० डावांत ५०० ब्लाइंड अपेक्षित. पण सहा जणांच्या टेबलावर नशिबाची चढउतार १०० डावांमागे ९० ब्लाइंडच्या आसपास असते, आणि १०,००० डावांत ती वर्गमुळाच्या हिशेबाने ९०० होते. म्हणजे तुमच्यासारख्या दहा चांगल्या खेळाडूंपैकी जवळजवळ तिघे १०,००० डावांनंतरही तोट्यात असतील. आणि तितक्याच सातत्याने वाईट खेळणाऱ्या दहांपैकी तिघे नफ्यात असतील, आपल्याला खेळ येतो असं समजून. प्रत्यक्ष टेबलावर हे १०,००० डाव व्हायला ४०० तास लागतात, आठवड्याला पाच तास बसलात तर दीड वर्ष. त्या दीड वर्षात माणूस विचार करतो, विचारतो, सोडूनही देतो. वेगवान प्रकारात हे ४० तासांत होतं, आणि त्या ४० तासांत शहाणं व्हायला सवडच मिळत नाही.

पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचा प्रश्न आज आपल्याकडे उरलेला नाही. १८८७ च्या मुंबई जुगार कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती, १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, आणि पोकरवाले अनेक वर्षं त्याच आधारावर उभे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. पोकर बुद्धीचा खेळ आहे असं मी आजही मानतो. पण वरचं ४० तासांचं गणित मांडलं की पगाराचे पैसे घेऊन त्या वेगात उतरणाऱ्याची काळजी वाटते, आणि कायदा करणाऱ्यांची चिंता मला समजते.

बोट आली. भाच्याने मोबाइल खिशात घातला. मोटारसायकली चढेपर्यंत त्याला एकच काम दिलं. पुढचे ३०० डाव खेळताना बटणावरून किती वेळा ब्लाइंड उचलायचा प्रयत्न केला आणि समोरच्यांनी किती वेळा सोडले, वहीत फक्त तेवढंच लिहायचं. जिंकलो की हरलो ते लिहायचं नाही. ३०० झाले की त्या दिवशी बंद, चिप्स कितीही असोत. रविवारी घरी चिंचोके घेऊन आम्ही तसेच डाव ओट्यावर मांडणार आहोत, तासाला वीसच्या वेगाने. त्याची वही बघून पुढचा भाग लिहीन.