वातानुकूलन यंत्र घरीं येण्यापूर्वीं

नागपूरच्या उन्हाळ्याविषयीं बाहेरगांवच्या वाचकांस कांहीं सांगूं लागलें, कीं त्यांस तें अतिशयोक्तीचें वाटतें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जाणें ही येथें बातमी नव्हे. आमच्या लहानपणीं दारांस वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत असत. पुढें लोखंडी पेटीचा कूलर आला, तोहि त्याच तत्त्वावर चालतो. पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता घेते आणि हवा गार होते. हवा कोरडी आहे तोंवर हा उपाय उत्तम. परंतु मृगाचे ढग जमून हवेंत दमटपणा आला, म्हणजे तोच कूलर अंगास चिकचिक आणितो. वाळ्यास संस्कृतांत 'उशीर' म्हणतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत शकुंतलेच्या दाहासाठीं नेला जाणारा लेप उशीराचाच आहे. मराठींतील उशीर अर्थातच निराळा, आणि प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या उशिराविषयीं आहे.

आम्ही तिघे बंधु महालांतील जुन्या घरांत एकत्र राहतों. मातोश्रींचें वय २०२४ सालीं ८६ होतें. त्या वर्षीं एप्रिलमध्यें त्यांस तपासून डॉक्टरांनीं सांगितलें, कीं उतारवयांत घाम कमी येतो, तहानहि वेळेवर लागत नाहीं, आणि त्यामुळें अंगांतील उष्णता बाहेर पडण्याचा मार्गच खुंटतो. यास्तव निदान रात्रीं तरी यांस गार खोलींत निजवा. तोंपर्यंत 'एसी' या वस्तूस विरोध करणाऱ्यांत आम्ही अग्रणी होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. मातोश्रींसाठीं विरोध सोडला, परंतु मधल्या बंधूंनीं अक्षय्य तृतीयेचा आग्रह धरला. म्हणून १० मे ही तारीख ठरली.

त्या दिवशीं मेकॅनिक सकाळीं दहास आला. खोलींतील प्लग पांच अँपिअरचा, त्यामागील वायर अॅल्युमिनियमची व चाळीस वर्षांची. भिंत अठरा इंच जाडीची. तिच्यापुढें त्याचें ड्रिल आंखूड पडलें. बाहेरचें यंत्र कोठें बसवावयाचें, असें त्यानें विचारतांच आम्हां तिघां बंधूंच्या तोंडून तीन जागा निघाल्या, आणि चौथ्या जागेस सूनबाईंनीं हरकत घेतली, कारण तेथें तुळशीवृंदावनावर गरम झोत आला असता. अर्धा तास हा वाद ऐकून तो बिचारा उठला. त्या हंगामांत त्याच्या वहींत पुढील मोकळी तारीख २३ मे निघाली.

१९ मे रोजीं दुपारीं मातोश्रींच्या बोलण्यांत असंबद्धता दिसूं लागली. आमच्या वडिलांना जाऊन वीस वर्षें झालीं. त्या त्यांना हांक मारूं लागल्या. अंग तापलें होतें, पण कोरडें. तत्काळ ओल्या पंचानें अंग पुसून त्यांस रुग्णालयांत नेलें. तीन दिवसांनीं त्या सुखरूप परत आल्या. त्या तीन दिवसांत आम्ही कोणास दोष दिला नाहीं. दोष देण्याजोगें माणूस घराबाहेर कोणी नव्हतेंच. यंत्र कोनाड्याखालीं खोक्यांत बंद पडून होतें. त्याची आठवण अजूनहि नकोशी वाटते.

म्हणून ज्या घरांतून यंदा असा विचार चालला असेल, त्यांनीं मेकॅनिकची तारीख घेण्यापूर्वींच पुढील गोष्टी उरकून घ्याव्या. पहिली गोष्ट यंत्राचा आकार. दुकानदार 'टन' म्हणतो तें यंत्राचें वजन नव्हे. एक टन म्हणजे एक अमेरिकन टन, सुमारें ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच अवधींत खोलींतून काढण्याची शक्ति. यंत्रें नव्हतीं तेव्हां बर्फच गारव्याचें साधन होतें. १८३३ सालीं बोस्टनहून जहाजानें बर्फ कलकत्त्यास आला होता. त्या काळाचें माप अद्याप चालूं आहे, हें पाहून आमच्यांतील मास्तरास फार संतोष झाला. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीस एरव्हीं एक टन पुरतो. परंतु आमच्या खोलीवर उघडी गच्ची आणि पश्चिमेची भिंत उन्हाची, यास्तव दीड टन घ्यावा लागला. तेव्हां केवळ क्षेत्रफळ सांगून भागत नाहीं, वर काय आहे व ऊन कोठून येतें हेंहि दुकानांत सांगावें.

विजेची तयारी ही सर्वांत महत्त्वाची, आणि हीच बहुधा राहून जाते. मुख्य बोर्डापासून यंत्रापर्यंत स्वतंत्र वायर हवी. दीड टनास तांब्याची चार चौरस मिलिमीटरची घालतात. तिला स्वतःचा एम.सी.बी., सोळा अँपिअरचा प्लग आणि खात्रीचें अर्थिंग. एकाच वायरीवर फ्रीज, मिक्सर आणि हें यंत्र असा कारभार म्हणजे आगीस निमंत्रण. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोहि पाहावा. दीड टनाचें यंत्र पूर्ण जोरानें चालतांना दीड किलोवॅट वा त्याहून अधिक वीज घेतें. भार अपुरा असेल तर वाढीचा अर्ज आधींच करावा. हें काम परवानाधारक वायरमनकडून एखादा आठवडा आधीं करून घ्यावें. यंत्र बसविणारा मेकॅनिक घराची वायरिंग करीत नाहीं, हें आम्हांस १० मे रोजीं कळलें.

'वातानुकूलन' हा शब्द ऐकून पुष्कळांस वाटतें, कीं यंत्र बाहेरून गार वारा आणितें. तसें नाहीं. तें खोलींतलीच हवा फिरवितें आणि तिच्यांतील उष्णता नळ्यांतील वायूच्या द्वारें बाहेर नेऊन टाकतें. म्हणून बाहेरच्या यंत्रास मोकळा श्वास पाहिजे. मागें सुमारें एक फूट, पुढें त्याहून पुष्कळ अधिक जागा असावी, आणि त्याचा झोत शेजाऱ्यांच्या खिडकींत जाऊं नये. सदनिकांत राहणाऱ्यांनीं सोसायटीची परवानगी आधीं घ्यावी. एकत्र कुटुंबांनीं भावाभावांची. दोन यंत्रांतील अंतर जितकें कमी तितकें बरें. सोबत बहुधा तीन मीटरच नळी येते. जास्त लागल्यास दर काय, तें टेलिफोनवरच विचारून ठेवावें, म्हणजे ऐन वेळीं घासाघीस होत नाहीं. भिंत जाड असेल तर मेकॅनिककडून भोंकाचें माप घेऊन गवंड्याकडून तें आधीं पाडून घ्यावें, आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. नळ्या जोडल्यावर वायु सोडण्यापूर्वीं पंपानें आंतील हवा व ओल काढून टाकावी लागते. हा पंप आणणार ना, हें विचारावयास संकोचूं नये. घाईंत तेवढेंच गाळलें जातें.

खोलीहि तयार हवी. कूलरला उघडी खिडकी लागते, यास बंद. दोहोंचा संसार एका खोलींत होत नाहीं. झरोके आणि दाराखालच्या फटी बुजवाव्या. कपाट हलवून भिंत मोकळी करावी, आणि झोत थेट वृद्धांच्या अंथरुणावर येणार नाहीं अशी बाजू निवडावी. राहिली तारीख. ती फेब्रुवारींत घ्यावी. थंडी सरतांना उन्हाळ्याचें नांव काढणें विचित्र वाटतें खरें, पण तेव्हां मेकॅनिकला आपल्या शंकांचीं उत्तरें देण्यास सवड असते. मुहूर्तास आमचा विरोध नाहीं. मात्र सणाच्या दिवशीं त्याच्यामागें दहा घरें असतात.

२३ मे रोजीं सर्व सिद्ध होतें, आणि काम अडीच तासांत आटोपलें. आकडा मेकॅनिकनें २४ वर ठेवून दिला. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रें मुळांतच २४ अंशांवर लावलेलीं यावींत असा सरकारी नियम आहे, हें त्यानेंच सांगितलें. आमच्या मातोश्रींस तेंहि फार झालें. २६ वर पंखा लावून त्यांस झोंप लागते, आणि बिलहि आटोक्यांत राहतें.

त्या रात्रीं आम्ही त्यांच्या खोलींतच निजलों होतों. मध्यरात्रीं त्यांनीं विचारलें, "अरे, बाहेर पाऊस लागला काय?" भिंतीपलीकडे यंत्राची नळी बादलींत ठिबकत होती. तसें सांगतांच त्या कांहीं वेळ ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "फेकूं नका हो तें पाणी. सकाळीं तुळशीला घाला." बादली पहांटेपर्यंत निम्मी भरली होती.