कोकणच्या हवामानात शीतप्रिय आमरीचे पुनर्रोपण : खारेपाटण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

घरात शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या वनस्पतींमध्ये आमरी, म्हणजेच ऑर्किड, या वनस्पतीला गेल्या काही दशकांत महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. पूर्वी केवळ थंड हवेच्या प्रदेशात दिसणारी सिंबिडियमसारखी शीतप्रिय आमरी आता रोपवाटिकांतून आणि भेटीदाखल कोकणातील घरांच्या पडवीपर्यंत पोहोचली आहे. आणल्या वर्षी फुललेले हे झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निस्तेज होते आणि एखाद्या पावसाळ्यात मुळांसकट कुजून जाते, असा अनुभव अनेकांना येतो. ‘येथील हवा मानवली नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. तो अंशतः खरा आहे. तथापि झाड न फुलणे आणि झाड मरणे या दोन भिन्न घटना असून त्यांची कारणेही भिन्न आहेत. न फुलण्याचे कारण हवामानात असते, तर मरण्याचे कारण बहुतेक वेळा कुंडीत असते. हा भेद लक्षात घेऊन खारेपाटण परिसरात अशा आमरीचे पुनर्रोपण केव्हा, कशात आणि कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ अधिवास आणि खारेपाटणचे हवामान

बाजारात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या सिंबिडियम संकरांचे पूर्वज हिमालयापासून म्यानमार-व्हिएतनामपर्यंतच्या डोंगराळ भागातील आहेत. त्यांपैकी अनेक जाती समुद्रसपाटीपासून १००० ते २५०० मीटर उंचीवर वाढतात. भारतात सिक्कीम आणि दार्जिलिंग परिसरात सिंबिडियमची व्यापारी लागवड होते. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्राच्या कार्यातही या वनस्पतीला महत्त्वाचे स्थान आहे. या संकरांना फुलांचा दांडा धरण्यासाठी रात्रीचे तापमान काही आठवडे सुमारे १० ते १५ अंश सेल्सिअस इतके उतरावे लागते.

खारेपाटणची स्थिती याहून वेगळी आहे. शके ९३० (इ. स. १००८) च्या शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले हे गाव किनाऱ्यापासून आत असले, तरी विजयदुर्गच्या खाडीमार्गे समुद्राशी जोडलेले जुने बंदर होते. साहजिकच त्याची उंची अल्प आहे. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सिंबिडियमला थंड रात्रींची गरज असते नेमक्या त्याच काळात, कोकणात उष्मा वाढतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सिंधुदुर्ग जिल्ह्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा जवळजवळ संपृक्त असते. उष्णता आणि ओल एकत्र आल्याने सेंद्रिय पदार्थ येथे डोंगरी प्रदेशापेक्षा फार लवकर कुजतात. पुनर्रोपणाच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक ठरते.

मुळांची रचना आणि माध्यमाचा ऱ्हास

सामान्य झाडाच्या मुळांप्रमाणे आमरीची मुळे घट्ट मातीत वाढण्यासाठी घडलेली नसतात. झाडांच्या खोडांवर, खडकांच्या कपारीत व पालापाचोळ्यात वाढणाऱ्या या वनस्पतीच्या मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. पाऊस पडताच हा थर पाणी शोषून घेतो आणि नंतर वाऱ्याने कोरडा होतो. कोरडे असताना मूळ पांढरे दिसते आणि भिजल्यावर हिरवट होते. भिजणे आणि सुकणे यांचे हे आवर्तन चालू राहिले तरच मूळ निरोगी राहते.

कुंडीतील साल, सोडण इत्यादींचे तुकडे नवे असताना त्यांच्यामध्ये मोकळ्या पोकळ्या असतात. दोन-तीन वर्षांत हे तुकडे कुजून त्यांचा भुगा होतो, पोकळ्या बुजतात आणि पाणी साचते. मग मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती तपकिरी व पोकळ होतात आणि बोटांनी दाबताच त्यांची साल सुटून येते. झाडाजवळ मुळेच न उरल्याने ओल्या कुंडीतही पाने सुरकुततात. ती पाहून पाणी कमी पडते असा समज होतो, अधिक पाणी घातले जाते आणि ऱ्हास वाढतो. म्हणून पुनर्रोपण म्हणजे केवळ मोठी कुंडी देणे नव्हे. मुळांभोवतीची हवा परत मिळवून देणे हा त्याचा खरा हेतू होय.

पुनर्रोपणाचा काळ

थंड देशांतील पुस्तकांत फुलांचा हंगाम संपल्यावर, वसंत ऋतूत पुनर्रोपण करावे असे सांगितलेले असते. कोकणात त्याला एक मर्यादा जोडणे आवश्यक आहे : नवी मुळे पावसाळ्यापूर्वी रुजली पाहिजेत. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य या काळात पुनर्रोपण केल्यास झाडाला सुमारे तीन महिने मिळतात. रात्री अद्याप सुसह्य असतात आणि कापलेल्या भागांच्या जखमा कोरड्या हवेत भरून येतात. मे महिन्याच्या अखेरीस हेच काम केल्यास ताज्या जखमांवरच पावसाळी ओल येते व बुरशीला वाव मिळतो. झाड फुलावर नसेल तर फुलांची वाट पाहत काळ दवडू नये. भर पावसाळ्यात मुळे कुजल्याचे आढळल्यास मात्र योग्य काळासाठी थांबणे घातक ठरते. अशा वेळी छपराखाली, वारा खेळेल अशा जागी तातडीने माध्यम बदलावे.

स्थानिक माध्यमे

पाइनची साल हे सिंबिडियमसाठी प्रचलित माध्यम असले, तरी कोकणात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून उपयुक्त मिश्रण तयार करता येते.

१. नारळाचे सोडण : याचे दोन ते तीन सेंटिमीटरचे तुकडे ओल धरतात व त्यांत हवाही खेळते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणात मात्र क्षार राहतात आणि आमरीची मुळे क्षारांना संवेदनशील असतात. त्यामुळे तुकडे काही दिवस गोड्या पाण्यात भिजवून ते पाणी अनेकदा बदलावे. काथ्याचा बारीक भुसा वापरू नये. तो पाणी धरून पोकळ्या बुजवतो.

२. लाकडी कोळसा : हा सहसा कुजत नाही, त्यामुळे मिश्रणाची पोकळ रचना टिकवतो.

३. विटेचे किंवा जांभ्याचे तुकडे : हे सच्छिद्र असून कुंडीला वजन व निचरा देतात. चाळून व धुऊन त्यांतील धूळ काढून टाकणे अत्यावश्यक आहे.

कोरड्या प्रदेशात सोडणाचे प्रमाण अधिक ठेवणे हिताचे असते. खारेपाटणसारख्या पर्जन्यबहुल ठिकाणी ते एकूण मिश्रणाच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावे. उरलेला भाग कोळसा व विटेच्या तुकड्यांचा ठेवावा.

प्रत्यक्ष कृती

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे, म्हणजे मुळे लवचीक होतात. कुंडीच्या कडेने सुरी फिरवून झाड बाहेर काढावे आणि जुने माध्यम हलक्या हाताने झाडून टाकावे. मऊ, पोकळ मुळे कापून टाकावीत. टणक मुळे, जुनी असली तरी, राखावीत. कात्री किंवा सुरी प्रत्येक झाडापूर्वी ज्योतीवर तापवून निर्जंतुक करावी, कारण सिंबिडियम मोझेक विषाणूचा प्रसार अशा हत्यारांमार्फत होतो व त्यावर उपचार उपलब्ध नाही.

सिंबिडियमच्या बुडाशी फुगीर आभासी कंद असतात व ते आडव्या मूलक्षोडाने जोडलेले असतात. पाने गळालेले जुने कंद निरुपयोगी नसतात; त्यांत पाणी व अन्नाचा साठा असतो. विभाजन करायचे असल्यास प्रत्येक भागात किमान तीन कंद ठेवावेत. अधिक लहान भाग फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात. नवी कुंडी उभट असावी आणि पुढील दोन वर्षांच्या वाढीपुरतीच मोठी असावी. फार मोठ्या कुंडीत न वापरलेले माध्यम सतत ओले राहते. जुने कंद कडेला व नवा कोंब मोकळ्या जागेकडे येईल असे झाड ठेवावे. कंदांचे बूड माध्यमाच्या पृष्ठभागावर राहावे, ते गाडले जाऊ नये.

पुनर्रोपणानंतरची निगा

पहिला आठवडा कुंडीला पाणी न देता पानांवर सकाळी हलका फवारा मारावा. त्यानंतर माध्यम वरून कोरडे झाल्यावरच पाणी द्यावे. नवी मुळे दिसेपर्यंत खत देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हापासून संरक्षण आवश्यक असते. पावसाळ्यात कुंडी थेट पावसात न ठेवता पागोळ्यांपासून दूर, पण हवेशीर पडवीत टांगावी. पाण्याने भरलेली ताटली कुंडीखाली ठेवू नये.

मर्यादा आणि पर्याय

उत्तम पुनर्रोपणाने झाड जगते, परंतु त्यामुळे रात्रीचे तापमान उतरत नाही. उंचीनुसार तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. खारेपाटणहून भुईबावडा घाटाने गाठता येणारे गगनबावडा सुमारे ६०० ते ७०० मीटर उंचीवर असल्याने तेथे सुमारे चार अंशांचा फरक अपेक्षित आहे. तो झाडाला सुखकारक असला, तरी फुलांची हमी देण्याइतका नाही. ज्यांना खारेपाटणमध्येच फुले हवी आहेत, त्यांच्यासाठी सिंबिडियम अॅलोइफोलियम ही सह्याद्रीत झाडांवर आढळणारी, जाड पानांची, लोंबत्या फुलोऱ्याची जाती अधिक योग्य आहे. सीतेची वेणी या नावाने परिचित असलेली ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा ही आमरीही येथील हवेत फुलते. अशी रोपे रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावीत. जंगलातील झाडांवरून ओरबाडलेली आमरी बहुधा घरी जगत नाही आणि तिचा मूळ अधिवास मात्र कायमचा रिता होतो.

समारोप

कोकणात शीतप्रिय आमरी सांभाळणाऱ्याने आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे ओळखणे हितावह ठरते. हवामान बदलता येत नाही, म्हणून फुलांविषयीची अपेक्षा मर्यादित ठेवणे योग्य होय. माध्यम मात्र बदलता येते. दर दोन वर्षांनी, उन्हाळा तापण्यापूर्वी आणि पावसाच्या बऱ्याच आधी, सोडण, कोळसा व विटेच्या तुकड्यांत केलेले पुनर्रोपण या झाडाला पावसाळ्यातून सुखरूप पार नेऊ शकते. दूरच्या डोंगरातून आलेले झाड टिकवण्याची साधने कोकणच्या परसातच उपलब्ध आहेत. ती योग्य वेळी वापरली जाणे महत्त्वाचे आहे.