‘सगळे’ म्हणजे किती जण?

लातूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, पुण्यात होस्टेलवर. दिवाळीत घरी आला तेव्हा तोंडाला दारूचा वास. विचारलं तर म्हणाला, ‘‘आई, इथे सगळेच घेतात.’’ त्या विचारतात, खरंच सगळे घेतात का हो?

नाही घेत. या एका ‘सगळेच’शी मी इतकी वर्षं झगडतो आहे की आजचा सगळा लेख त्यालाच देतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी होबार्ट आणि विल्यम स्मिथ ही जोडमहाविद्यालयं आहेत. तिथल्या वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, पिण्याबद्दल तुमचं मत काय आणि बाकीच्यांचं काय असेल? त्यांचा निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं स्वतःचं मत बेताचं होतं, पण बाकीची पोरं आपल्यापेक्षा फार सैल आहेत, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे जो तो नसलेल्या गर्दीत सामील व्हायला धडपडत होता.

एनएसएसच्या शिबिरांत मी हेच चिठ्ठ्यांवर करून बघतो. नाव न घालता लिहायचं : गेल्या महिन्यात तू घेतलीस का? आणि वर्गातल्या दहांपैकी किती जणांनी घेतली असेल? दुसरा आकडा दर वेळी फुगलेला निघतो. फळ्यावर दोन्ही शेजारी मांडले की वर्ग गप्प होतो. ती शांतता मला कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची वाटते.

हे होतं कसं? रात्री दोनला जिन्यात ओकणारा एकच असतो, पण सकाळी मेसमध्ये चर्चा त्याचीच. मॅगी खाऊन झोपलेल्यांबद्दल कोण बोलणार? त्यात भर व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांची. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आम्हीच फलक लावतो, ‘तरुणाई व्यसनाच्या विळख्यात’. नवख्या पोराला त्यातून एवढंच कळतं, की सगळे घेतात. मीही असे फलक लावले आहेत. आता लावत नाही.

म्हणून ३१ डिसेंबरला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अनिस) कार्यकर्ते चौकात दूध वाटतात, ते मला फार आवडतं. न पिणारे त्या रात्री तरी डोळ्यांना दिसतात.

पण खरे आकडे समोर मांडणं हा रामबाण नव्हे. २००३ साली हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी अशा मोहिमा राबवणारी अमेरिकन महाविद्यालयं तपासली, तेव्हा तिथलं पिणं कमी झाल्याचं दिसलं नाही. नुसती पोस्टरं लावून भागत नाही. आणि जिथे खरोखरच बहुतेक पोरं मावा चघळतात, तिथे ‘बहुतेक जण खात नाहीत’ असं सांगणं खोटं ठरेल. पोरं ते लगेच ओळखतात आणि पुन्हा आपलं काही ऐकत नाहीत.

ताई, मुलाला रागवू नका. ‘सगळे’ म्हणजे कोण कोण, एवढंच विचारा. त्याला मजल्यावरच्या खोल्या एकेक करून आठवू द्या, न घेणाऱ्यांच्यासुद्धा. बोटं त्यालाच मोजू द्या. काय निघालं ते मला जरूर कळवा.